एका पल्सला किती लिटर?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं पाण्याच्या मीटरची आहेत. एक नळयोजनेचं, एक संत्र्याच्या बागेचं, एक आरओच्या एटीएमचं. तिन्हींत गाडी अडली आहे ती मीटरमधून वायरीनं बाहेर येणाऱ्या पल्सवर, म्हणजे मोजणीच्या विजेच्या खुणेवर, म्हणून एकत्रच घेतो. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. त्यात एका माणसाच्या इमानदारीचा प्रश्न आहे.

प्रश्न : भाऊ, मी ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी. गाव नऊशे लोकवस्तीचं. टाकीखाली तीन इंची मीटर बसवलं आणि त्याची वायर कार्यालयातल्या डब्ब्यात नेली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास पाणी सोडतो. मीटरच्या डायलवर रोज 48 घनमीटर पडतात, म्हणजे 48 हजार लिटर. डब्ब्याच्या स्क्रीनवर मात्र कधी 4,700 लिटर, कधी 4,300. ग्रामसभेत स्क्रीनचाच आकडा वाचला. सरपंच म्हणतात, "लाईटचं बिल एवढं येते, मंग पानी गेलं कुठं?" सारे माझ्याकडे पाहतात. बसवून गेलेला माणूस फोन उचलत नाही. काय करू?
— पंपचालक, ता. तेल्हारा

उत्तर : भाऊ, तुमचं पाणी कुठंही गेलेलं नाही. हे मी नुसत्या धीरासाठी म्हणत नाही, तुमच्याच आकड्यांवरून म्हणतो. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे. नऊशे माणसांचे होतात 49,500. डायलचे 48 हजार त्याला लागूनच आहेत. स्क्रीन खरी मानली तर माणशी जेमतेम पाच लिटर येतात. तेल्हाऱ्याच्या उन्हाळ्यात पाच लिटरमध्ये माणसाचं पिणं-रांधणंही धकत नाही, धुणं-आंघोळ तर दूरच. हा हिशेब ग्रामसभेत कुणीही तोंडी करू शकला असता.

आता गफलत कुठं आहे ते पाहू. मीटरच्या एका सुईच्या पोटात बारीक चुंबक असतं. वर बसवलेल्या पल्सरमध्ये, म्हणजे पल्स देणाऱ्या डबीत, काचेची छोटी नळी असते, तिच्यात पातळ धातूच्या दोन पट्ट्या. चुंबक खालून गेलं की पट्ट्या चिकटतात, पुढं सरकलं की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. एक चिकटणं म्हणजे एक पल्स. मीटर डब्ब्याला लिटर कळवतच नाही, फक्त "एकदा झालं" एवढंच कळवतं. त्या एकदाचे किती लिटर धरायचे, हे डब्ब्यात कुणीतरी बोटानं भरलेलं असतं.

तुमच्या मीटरवर काळे आकडे घनमीटरचे असतील आणि बाजूला लाल सुया. प्रत्येक सुईजवळ ×0.1, ×0.01 असं छापलेलं असतं. ×0.01 च्या सुईचं एक घर म्हणजे 10 लिटर, पण तिचा पूर्ण फेरा म्हणजे 100 लिटर. चुंबक फेऱ्याला एकदाच पल्सरखालून जातं, म्हणून पल्स 100 लिटरचा झाला. बसवणाऱ्यानं ×0.01 वाचून डब्ब्यात 10 भरले असणार. स्क्रीन दहापट कमी दाखवते ती एवढ्यानंच. काही मीटरच्या डोक्यावर पल्सर बसवायला दोन जागा असतात, एक या सुईवर आणि दुसरी तिच्यापेक्षा दहापट जलद फिरणाऱ्या सुईवर. त्यामुळे मीटरच्या कागदावर काय लिहिलंय तेवढ्यावर जाऊ नका, पल्सर प्रत्यक्ष कोणत्या सुईवर बसलाय ते पाहा. पल्सरच्या पट्टीवर पल्समागचे लिटर छापलेले असतील तर तेही टिपून घ्या.

मग तपासणी करा. संध्याकाळचं पाणी चालू असताना सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामसभेत ज्यानं जास्त आवाज केला तो, अशा तिघांना टाकीवर न्या. डब्ब्यातून पल्सरच्या दोन्ही वायरी सोडा. मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि त्याच्या दोन टोकांना त्या वायरी धरा. चुंबक पल्सरखाली आलं की बझर वाजेल. पहिला बझर सुरू झाला त्या क्षणी डायल वाचायचा, तो बझर मोजायचा नाही. पुढचे दहा मोजायचे आणि दहावा सुरू होताच डायल पुन्हा वाचायचा. तुम्ही चार तासांत 48 हजार सोडता, म्हणजे तासाला 12 हजार. 100 लिटरचा पल्स असेल तर बझर दर अर्ध्या मिनिटाला वाजेल आणि दहा बझरांत, पाच मिनिटांत, डायल बरोबर एक घनमीटर पुढं गेलेला असेल. पल्स 10 लिटरचा असता तर बझर दर तीन सेकंदांनी वाजला असता. घड्याळ नसलं तरी हा फरक कानाला कळतो.

पल्सरला दोनऐवजी तीन वायरी असतील किंवा अधिक-उणे खुणा असतील, तर तो बहुधा रीडचा नाही, इलेक्ट्रॉनिक आहे. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते आणि बझरची युक्ती त्याच्यावर भरवशाची नाही. तिथं डब्ब्याच्या इनपुटचा दिवा असतो, त्याचं लुकलुकणं मोजा.

डब्ब्याच्या सेटिंगमध्ये "लिटर प्रति पल्स" असेल तिथं 100 भरा. काही डब्ब्यांत हेच उलट, "पल्स प्रति घनमीटर" असं विचारतात. तिथं 10 भरायचे. मग सुरुवातीचं रीडिंग भरायचं : त्या घडीला डायल जे दाखवतो तेच, घनमीटर आणि लिटर यांची अदलाबदल न करता. तपासणीत वायरी सुटल्या होत्या, तेवढे पल्स डब्ब्याला कळलेले नाहीत, म्हणून हे काम सर्वांत शेवटी करा. फिल्टर किंवा डिबाऊन्स नावाची सेटिंग दिसली तर तिथं 100 मिलिसेकंद ठेवा. रीडच्या पट्ट्या चिकटताना किंचित थरथरतात आणि जलद डब्बा एका चिकटण्याचे दोन-तीन पल्स धरतो. तुमचा पल्स अर्ध्या मिनिटाला एक, तेव्हा 100 मिलिसेकंदांत खरा पल्स बुडायची भीती नाही.

एवढं करून स्क्रीन जवळपास जुळेल. तंतोतंत मात्र जुळणार नाही, आणि त्याचं कारणही तुमच्याच पत्रात आहे. डायलचे 48 हजार, त्याचा दहावा भाग 4,800. स्क्रीन कधी 4,700 दाखवते, कधी 4,300. चूक फक्त सेटिंगची असती तर फरक रोज सारखाच राहिला असता. हे वरचे 100 ते 500 खऱ्या लिटरमध्ये एक हजार ते पाच हजार होतात. माझा संशय लाईटवर आहे. टाकीचं पाणी उतारानं येतं, लाईट गेली तरी ते वाहतच राहतं आणि मीटरही फिरत राहतं. कार्यालयातला डब्बा मात्र मेलेला असतो. तासाला 12 हजारांच्या हिशेबानं 25 मिनिटं लाईट गेली की पाच हजार लिटर स्क्रीनच्या हिशेबातून गेले. त्या गेलेल्या पल्सची नोंद डब्बा मागाहून करू शकत नाही. डब्ब्याला 12 व्होल्टची छोटी बॅटरी चार्जरसह जोडून घ्या, आमच्या भागात याला पर्याय नाही. तोवर दर सोमवारी डायल पाहून स्क्रीनचं रीडिंग दुरुस्त करत चला.

पल्सरच्या वायरीवर थेट घरगुती 230 व्होल्टचा दिवा किंवा भोंगा कुणी लावू नये. पट्ट्या जळून एकमेकींना कायमच्या चिकटतात आणि पल्स येणं थांबतं. पल्सरवरच्या छापील पट्टीवर लिहिलेली व्होल्ट-अँपियरची मर्यादा पाळावी. मीटरच्या अगदी पुढ्यात व्हॉल्व्ह किंवा बेंड असेल तर मोजमापात थोडा फरक पडतो. आधी दहापट आणि नंतर पाचपट व्यासाएवढा सरळ पाईप असला की बरं, म्हणजे तुमच्या तीन इंचीला सुमारे 80 आणि 40 सेंटिमीटर. पण त्यानं आकडा दहापट बदलत नाही, ती दुरुस्ती सवडीनं करा.

तपासणीचं सगळं नोंदवहीत लिहा : तारीख, वेळ, डायलचे दोन्ही आकडे, बझरांची संख्या, आणि हजर असलेल्या तिघांच्या सह्या. पुढच्या ग्रामसभेत ते वाचून इतिवृत्तात घ्यायला लावा. चुकीचा आकडा चारचौघांत वाचला गेला, तर दुरुस्तीही चारचौघांतच वाचली गेली पाहिजे. कार्यालयात बोलावून "झालं गेलं विसरून जा" म्हटल्यानं भागत नाही. आणि सरपंचांना माझी विनंती आहे : जो माणूस पहाटे टाकीवर जाऊन गावाला पाणी सोडतो, त्याला जाब विचारायच्या आधी पाच मिनिटं बझर मोजायला काय हरकत होती?

प्रश्न : काका, वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. बोअर खाली, बाग चढावर. मधली तीन इंची लाईन 250 मीटरची, पुढं ड्रिप. यंदा आंबिया बहाराचं ओलीत मोजून द्यायचं म्हणून बोअरजवळ पल्सचं मीटर आणि बागेतल्या खोलीत कंट्रोलर बसवला. पल्सची वायर मोटारीच्या केबलसोबत एकाच नालीत टाकली आहे. रात्री आमची मोटार बंद असते, तरी सकाळी कंट्रोलरचा आकडा वाढलेला दिसतो, कधी 300 लिटर तर कधी 900. दुकानदार म्हणतो मीटर बदला. बदलू का?
— एक तरुण कास्तकार, ता. वरुड

उत्तर : नको. पैसे खर्च करायच्या आधी दोन रात्री द्या.

संध्याकाळी मोटार बंद झाल्याबरोबर मीटरचा डायल आणि कंट्रोलरचा आकडा, दोन्हींचे मोबाईलवर फोटो काढा. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आत पुन्हा काढा. डायल जिथल्या तिथं आणि कंट्रोलर पुढं गेलेला, तर दोष वायरीत आहे. डायल मागं गेलेला आणि कंट्रोलर पुढं, तर दोष पाण्यात आहे. नवल वाटेल, पण असं होतं. पाणी उलटं वाहिलं की मीटर उलटं फिरतं, पण साध्या रीड स्विचला सुलटं-उलटं कळत नाही. चुंबक खालून गेलं की तो एक पल्स देतो, मग ते कुठूनही येवो.

मला दुसरी शक्यता जास्त वाटते, ती तुमच्या 900 च्या आकड्यामुळे. तीन इंची 250 मीटर पाईपात साधारण अकराशे लिटर पाणी मावतं. बाग चढावर आहे आणि बोअरवरचा एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारी झडप) नीट बसत नसेल, तर मोटार थांबल्यावर लाईनीतलं पाणी हळूहळू मागं बोअरमध्ये उतरतं. ड्रिपच्या छिद्रांतून आणि एअर व्हॉल्व्हमधून हवा आत येते, त्यामुळे ते उतरायला मोकळं. एनआरव्ही उघडून पाहा. झडपेच्या बसायच्या जागी बहुधा वाळूचा खडा किंवा रबराचा तुकडा अडकलेला सापडेल. बोअरला वाळू येत असेल तर तो पुन्हा अडकणार, तेव्हा दर हंगामाच्या सुरुवातीला पाहत चला. यात दुहेरी नुकसान आहे. आकडा चुकतो ते एक, आणि रोज सकाळी पहिली लाईन भरण्यातच वीज जाते. रिकाम्या लाईनीतून हवा रेटली जाते तेव्हाही मीटर भलतंच फिरतं.

डायल हललाच नसेल तर मात्र नाली उकरावी लागेल. आपल्याकडे शेतीची थ्री फेज रात्रपाळीत आली की ऑटो स्विचवरच्या साऱ्या शिवारातल्या मोटारी एका दमात सुरू होतात. तो धक्का केबलीत येतो आणि तिला चिकटून पडलेल्या तुमच्या पल्सच्या वायरीत उमटतो. कंट्रोलर त्याला पल्स समजतो. खात्री करायची तर वायर मीटरकडून सोडून ठेवा. तरीही आकडा वाढला तर वायर दोषी. कंट्रोलरकडूनही सोडली आणि तरीही वाढला तर कंट्रोलर दोषी.

पल्सची वायर मोटारीच्या केबलपासून निदान हातभर लांब, वेगळ्या नालीत न्या. दोन वायरी एकमेकींत पिळलेली आणि वर जाळी असलेली केबल घ्या. जाळी फक्त कंट्रोलरकडच्या टोकाला अर्थिंगला जोडा, दोन्हीकडे जोडली तर ती स्वतःच उपद्रव करते. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पुरलेली वायर ताणली जाते, म्हणून ती एचडीपीई पाईपात टाका आणि दोन्ही टोकांना एक-एक सैल वेटोळं ठेवा. जोड जमिनीत देऊच नका. देणं भाग पडलं तर चिकटपट्टीवर भागवू नका, पाणबंद डबी वापरा. आणि कंट्रोलरच्या फिल्टरची वेळ वाढवून पाहा. पहिल्या उत्तरात 100 मिलिसेकंद म्हटलेत तेवढे इथंही चालतील.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. तुमचा पल्स किती लिटरचा आहे ते पाहा. एका व्हॉल्व्हच्या झाडांना 1,500 लिटर द्यायचे आणि पल्स 1,000 लिटरचा, तर कंट्रोलर एकतर एक हजारावर थांबेल किंवा दोन हजारांवर. ताण (बहारासाठी झाडांचं पाणी बंद ठेवणं) तोडल्यावरचं पहिलं ओलीत एवढ्या फरकानं दिलं तर बहाराला झळ बसते. 100 लिटरचा पल्स तुम्हाला पुरेल, 10 चा मिळाला तर उत्तम.

प्रश्न : दादा, आमचा महिला बचत गट आरओचं पाण्याचं एटीएम चालवतो. गाव खारपाण पट्ट्यात आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे रोज रांग असते. कार्ड लावलं की 20 लिटरची कॅन भरून मशीन आपोआप थांबतं. पण कॅन गळ्यापर्यंत येत नाही अशी तक्रार आहे. मेकॅनिकनं सांगितलं, "सेन्सरला 450 पल्स म्हणजे एक लिटर, कंपनीचाच आकडा आहे." मग कमी का येतं?
— बचत गटाच्या अध्यक्ष, ता. दर्यापूर

उत्तर : ताई, बायांची तक्रार खरी असू शकते, आणि ती तुम्हाला वजनकाट्यावर तपासता येईल. 450 हा आकडा त्या जातीच्या सेन्सरचा सर्वसाधारण आहे. तुमच्या पाईपावर, तुमच्या दाबाला, तुमचा सेन्सर तेवढाच देईल असं नाही. आत छोटं पंख्यासारखं चाक असतं, ते पाण्यानं फिरतं आणि पल्स देतं. दाब बदलला की चाकाचा हिशेब थोडा सरकतो.

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणा. रिकाम्या कॅनचं वजन करा, मशीननं भरू द्या, पुन्हा वजन करा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलोच धरा, 20 लिटरला पडणारा फरक उन्हाळ्यातही दोनशे ग्रॅमच्या आत राहतो. समजा, निव्वळ पाणी 18.6 किलो भरलं. मशीननं 20 लिटरसाठी 450 गुणिले 20, म्हणजे 9,000 पल्स मोजून व्हॉल्व्ह बंद केला. मग 9,000 भागिले 18.6 केले की 484 येतात. तुमच्या सेन्सरचा खरा आकडा हा, आणि मशीनमध्ये तोच भरायला सांगा. एका कॅनवर ठरवू नका, तीन कॅनची सरासरी घ्या. टाकी भरलेली असताना एकदा आणि अर्ध्यावर आली असताना एकदा, असं दोनदा करा. दोन्ही वेळांत फार फरक आला तर सेटिंग बदलून उपयोग नाही, आधी दाब सारखा करून घ्यावा लागेल.

पहिल्या उत्तरातली 100 मिलिसेकंदांची सेटिंग तुम्ही करू नका. तिथं अर्ध्या मिनिटाला एक पल्स आहे. तुमच्याकडे मिनिटाला दहा लिटरची धार असेल तर सेकंदाला 75 पल्स येतात, म्हणजे दोन पल्समध्ये 13 मिलिसेकंदांचंच अंतर. मोठा फिल्टर लावला की मशीन पल्स गिळेल आणि पाणी वाहतच राहील. इथं एक मिलिसेकंद पुरे.

एक लिटरचं बटण असेल तर तेही काट्यावर घाला. एक लिटरला आणि 20 लिटरला सारखंच, समजा शंभर मिलिलिटर, जास्त येत असेल तर तो व्हॉल्व्हचा बंद व्हायला लागणारा वेळ आहे, सेन्सरचा दोष नाही. काही मशीनमध्ये तेवढे पल्स आधी व्हॉल्व्ह बंद करायची सोय असते, मेकॅनिकला विचारा.

आकडा बदलला त्या दिवशी जुना आकडा, नवा आकडा आणि वजनं कागदावर लिहून मशीनशेजारी लावा, आणि ज्या बाईनं पहिल्यांदा तक्रार केली तिची कॅन तिच्या डोळ्यांदेखत काट्यावर ठेवा. सेन्सर किंवा व्हॉल्व्ह बदलला की काटा पुन्हा आणायचा. मेकॅनिक 450 म्हणाला तरी आणायचा.